कुंपणच जेव्हा शेत खातं : कुत्र्याच्या रक्ताचा एक आजार आणि त्याचा इतिहास

इथे मी सहसा माणसांच्या आजारांवर लिहिते. आजचा रुग्ण चार पायांचा आहे, त्यामुळे काही जणांना नवल वाटेल. पण या आजारापुरत्या तरी माणसाच्या आणि कुत्र्याच्या फायली वेगळ्या ठेवता येत नाहीत. त्या कशा एकत्र झाल्या तेच आज सांगायचं आहे.

चिंगी आमची कुत्री. जात विचाराल तर अस्सल देशी. सात वर्षांपूर्वी पावसात भिजत सोसायटीच्या गेटपाशी बसली होती, ती घरात आली आणि राहिली. गेल्या वर्षी एका सकाळी पोळ्यांच्या डब्याचा आवाज झाला तरी ती जागची हलली नाही. जवळ जाऊन ओठ वर केला, तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. डोळ्यांत पिवळी झाक. गच्चीवर केलेली लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. मी डॉक्टर आहे, हे काय असू शकतं ते मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण घरचा रुग्ण असला की डॉक्टरचाही नातेवाईक होतो. मी म्हटलं, उन्हाचा त्रास झाला असेल.

दुपारी हिमोग्लोबिन आलं ४.१. निरोगी कुत्र्याचं साधारण १२ ते १८ असतं. पशुवैद्यांनी काचेच्या पट्टीवर तिच्या रक्ताचा एक थेंब घेतला, त्यात सलाईनचे काही थेंब टाकले आणि पट्टी हळूहळू हलवत माझ्यासमोर धरली. एकसारखं पातळ व्हायला हवं होतं ते रक्त दह्यासारखं फुटलं होतं. लाल पेशींचे पुंजके नुसत्या डोळ्यांना दिसत होते.

"मॅडम, तुम्ही माणसांत यासाठी कूम्ब्स टेस्ट करता. कुत्र्यांसाठी ती इथे सहजी मिळत नाही, पण हे पुंजके इतके स्पष्ट आहेत की तिची गरजही नाही," ते म्हणाले. आणि मग, बहुधा माझा चेहरा पाहून, वातावरण हलकं करायला : "आणि तो कूम्ब्स आमच्यातलाच होता बरं का. पशुवैद्य."

बावीस वर्षं मी रुग्णांच्या कागदावर 'कूम्ब्स टेस्ट' लिहीत आले आहे. हे मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने एकच प्रश्न विचारला, "आई, आपलं काय चुकलं?" माणसांच्या बाबतीतही हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. आजार बाहेरून आला, कुणीतरी आणला, कशामुळे तरी झाला, असं आपल्याला वाटतंच. आणि गंमत म्हणजे विज्ञानालाही जवळपास पन्नास वर्षं तसंच वाटत होतं.

आधी आजार समजून घेऊ

नाव लांबलचक आहे : ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंना ओळखून त्यांच्यावर प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, चिकटवते. त्या म्हणजे 'हा परका आहे, याला संपवा' अशा चिठ्ठ्याच. या आजारात त्या चिठ्ठ्या स्वतःच्याच लाल पेशींवर चिकटतात. प्लीहेतल्या भक्षक पेशी चिठ्ठी पाहतात आणि लाल पेशीला पकडतात. कधी ती अख्खी गिळतात, कधी तिच्या आवरणाचा लचका तोडून सोडून देतात. आवरण कमी पडल्यामुळे ती पेशी चपटी न राहता गोळीसारखी गोल होते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा गोल पेशी दिसल्या की संशय बळावतो. कुत्र्याच्या लाल पेशी एरवी साधारण ११० दिवस जगतात. या आजारात त्या दिवसांत संपतात, कधी तासांत. अस्थिमज्जा नव्या पेशी बनवते, पण भोक पडलेल्या बादलीत नळाचं पाणी किती पुरणार?

कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते हेच.

हाच हल्ला लाल पेशींऐवजी प्लेटलेट्सवर झाला तर अंगावर जांभळे डाग येतात, रक्तस्राव होतो. काहींमध्ये दोन्ही एकदम होतं. चिंगीच्या प्लेटलेट्सही कमीच होत्या.

फ्रँकफर्टच्या शेळ्या

इसवी सन १९०० च्या सुमाराला जर्मनीत फ्रँकफर्टला पॉल एर्लिख आणि त्यांचे सहकारी युलियुस मॉर्गेनरोथ शेळ्यांवर प्रयोग करत होते. एका शेळीला दुसऱ्या शेळीचं रक्त टोचायचं आणि तिच्या रक्तात त्याविरुद्ध काय तयार होतं ते पाहायचं. दुसऱ्या शेळ्यांच्या लाल पेशी फोडणारी द्रव्यं तयार झाली. पण त्या शेळीच्या स्वतःच्या पेशी फोडणारी द्रव्यं काही केल्या सापडली नाहीत.

यावरून एर्लिख यांनी एक तत्त्व मांडलं आणि त्याला लॅटिन धाटणीचं नाव दिलं, 'हॉरर ऑटोटॉक्सिकस'. म्हणजे शरीराला स्वतःवरच विषप्रयोग करण्याची धास्ती असते. नीट वाचलं तर त्यांचं म्हणणं असं होतं की शरीरात असा प्रकार रोखणारी काहीतरी यंत्रणा असली पाहिजे. ती यंत्रणा बिघडली तर आजार होईल, ही शक्यता त्यात होतीच. पण मोठ्या माणसाचं वाक्य पुढच्या पिढीकडे जाताना आखूड होतं. एर्लिख यांना १९०८ मध्ये नोबेल मिळालं, आणि पाठ्यपुस्तकी समजुतीत उरलं ते एवढंच, की शरीर स्वतःवर हल्ला करत नाही. विषय संपला.

खरं तर तो १९०४ मध्येच पुन्हा उघडला होता. व्हिएन्नात युलियुस डोनाथ आणि कार्ल लँडस्टायनर (माणसाचे रक्तगट शोधणारे तेच) एका विचित्र आजाराचा अभ्यास करत होते. थंडीत बाहेर पडलं की काही रुग्णांची लघवी लाल व्हायची. दोघांनी रुग्णाच्या रक्तातला द्रव आणि लाल पेशी एकत्र करून मिश्रण आधी बर्फात थंड केलं, मग उबदार केलं. पेशी फुटल्या. रुग्णाच्या स्वतःच्या पेशीही फुटल्या. शरीराने स्वतःविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडाचा हा पहिला ठोस पुरावा. मला याहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की याच आजाराच्या रुग्णाचं बोट बांधून, बर्फात घालून आतलं रक्त तपासण्याचा प्रयोग स्वतः एर्लिख यांनी १८८१ मध्ये केला होता. उत्तर त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं.

डोनाथ आणि लँडस्टायनर यांचा शोध खोटा कुणी म्हटलं नाही. तो फक्त 'अपवाद' म्हणून बाजूला ठेवला गेला. पुढच्या काही वर्षांत फ्रान्समध्ये, आणि १९३८ नंतर बोस्टनमध्ये विल्यम डॅमशेक आणि स्टीव्हन श्वार्त्झ यांनी असे रुग्ण दाखवले की ज्यांच्या रक्तात पेशी फोडणारं काहीतरी फिरत होतं. पण 'काहीतरी' दाखवायला साधी, कुठल्याही इस्पितळात करता येईल अशी तपासणी नव्हती. ती दिली एका पशुवैद्याने.

मंद दिव्यांची आगगाडी

रॉबिन कूम्ब्स यांचा जन्म १९२१ चा, लंडनचा. बालपण दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला गेलं. पशुवैद्यकाची पदवी त्यांनी १९४३ मध्ये एडिंबरोहून घेतली आणि पहिलं काम मिळालं ते घोड्यांच्या ग्लँडर्स या आजाराच्या रक्ततपासणीचं. प्रतिपिंडांशी त्यांची ओळख झाली ती अशी, तबेल्याच्या बाजूने. मग ते केंब्रिजला आले. महायुद्ध चालू होतं. तिथे आर्थर मोरंट आणि रॉबर्ट रेस हे रक्तगटांचे अभ्यासक एका कोड्यात अडकले होते.

कोडं बाळंतपणाशी संबंधित होतं. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरात बाळाच्या लाल पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. कावीळ होऊन बाळं दगावत. पण प्रयोगशाळेत पुष्कळदा ही प्रतिपिंडं दिसतच नसत. ती पेशींना चिकटत, पण पेशींचे पुंजके होत नसत. म्हणजे चोर घरात आहे, पण आवाज करत नाही.

कूम्ब्स यांनीच पुढे सांगितलेली आठवण अशी. रात्रीची वेळ, लंडनहून केंब्रिजला जाणारी गाडी, युद्धामुळे डब्यात जेमतेम उजेड, वाचता येणं अशक्य. म्हणून ते नुसते बसून एर्लिख यांच्या जुन्या सिद्धांतातली चित्रं मनात आणत होते. (हो, तेच एर्लिख.) आणि एकदम सुचलं : प्रतिपिंड हे स्वतः एक प्रथिनच आहे ना? मग त्या प्रथिनाविरुद्धच दुसरं प्रतिपिंड बनवू. माणसाचं प्रथिन सशाला टोचलं की ससा त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतो. ते सशाचं द्रव्य संशयित लाल पेशींवर टाकायचं. पेशींवर काही चिकटलेलं असेल तर हे नवं प्रतिपिंड दोन पेशींमध्ये पुलासारखं बसेल आणि पुंजके होतील. चिकटलेलं नसेल तर काहीच होणार नाही.

तपासणी चालली. १९४५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये कूम्ब्स, मोरंट आणि रेस यांच्या नावाने ती प्रसिद्ध झाली. तेव्हा कूम्ब्स चोवीस वर्षांचे होते. नंतर कळलं की कार्लो मॉरेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने हेच तत्त्व १९०८ मध्ये मांडलं होतं आणि ते विस्मरणात गेलं होतं. कूम्ब्स यांनी मॉरेस्कीचं श्रेय मोकळेपणाने मान्य केलं. शास्त्रज्ञांच्या भांडणांच्या गोष्टी आपण खूप ऐकतो, म्हणून ही मुद्दाम सांगितली.

आपल्या विषयाला कलाटणी मिळाली ती पुढच्याच वर्षी. १९४६ मध्ये बूरमन, डॉड आणि लूटिट यांनी ही तपासणी मोठ्या माणसांच्या रक्तक्षयात वापरली. ज्यांना लाल पेशींचा दोष जन्मजात होता त्यांच्यात ती निगेटिव्ह आली. ज्यांना आजार मध्येच कधीतरी जडला होता त्यांच्यात पॉझिटिव्ह. म्हणजे या लोकांच्या लाल पेशींवर त्यांच्याच शरीराने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आता 'अपवाद' म्हणून बाजूला सारायची सोय राहिली नाही.

उरलीसुरली शंका एका धाडसाने, खरं तर अविचारानेच, मिटवली. १९५० मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने प्लेटलेट्स घटलेल्या एका रुग्णाचं सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःला चढवून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स जवळजवळ नाहीशा झाल्या, त्याला झटका आला, अंगावर रक्ताचे डाग उठले. सुदैवाने काही दिवसांत तो सावरला. रुग्णाच्या रक्तातलं काहीतरी निरोगी माणसाच्या प्लेटलेट्सही संपवतं, हे सिद्ध झालं. आज कुठलीही नैतिक समिती याला परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.

तपासणी पशुवैद्याची, ती गुरांच्या-कुत्र्यांच्या दवाखान्यात परतायला फार वेळ लागला नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत, कुत्र्याच्या प्रथिनाविरुद्ध बनवलेलं द्रव्य वापरून, कुत्र्यांमध्येही हाच आजार असल्याचं दिसलं. १९५९ मध्ये न्यूझीलंडमधल्या काळ्या उंदरांच्या एका वाणात तो आपोआप होतो असं आढळलं. १९६५ मध्ये रॉबर्ट लुईस हे पशुवैद्य आणि रॉबर्ट श्वार्त्झ हे माणसांचे डॉक्टर यांनी मिळून कुत्र्यांमधल्या ल्युपसचं वर्णन 'ब्लड' या नियतकालिकात केलं, ज्यात रक्तक्षय आणि प्लेटलेट्सची घट दोन्ही होतं. कुत्र्याला हे कुणी प्रयोगशाळेत टोचून केलेलं नव्हतं. घरात, अंगणात राहणाऱ्या कुत्र्यांना तो आपसूक झाला होता, आपल्यासारखाच.

इथे जरा स्वतःबद्दल. मी परळला शिकले. १९५२ मध्ये 'बॉम्बे रक्तगट' जगासमोर आला तो आमच्याच कॉलेजातून, याचा आम्हाला केवढा अभिमान! तिथून चालत जाण्याच्या अंतरावर १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सगळ्या शिक्षणात त्या फाटकातून मी एकदाही आत गेले नाही.

औषधं कुठून आली

चिंगीला ज्या गोळ्या सुरू झाल्या त्या मी माणसांना देते त्याच. पहिली स्टेरॉइडची, प्रेडनिसोलोन. तिची थोरली बहीण कॉर्टिसोन. ती सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या एका रुग्णाला पहिल्यांदा दिली गेली, आणि दोनच वर्षांत त्या कामाला नोबेल मिळालं. लगोलग डॅमशेक आणि सहकाऱ्यांनी याच वर्गातला उपचार रक्तक्षयाच्या रुग्णांवर करून पाहिला. त्याआधी हाती असलेला मोठा उपाय म्हणजे प्लीहा कापून काढणं.

दुसरी गोळी ॲझाथायोप्रिन. हिची गोष्ट सांगताना माझी मान जरा खाली जाते. १९६० च्या आसपास रॉय काल्न हे शल्यविशारद मूत्रपिंड बदलाचे प्रयोग करत होते, ते कुत्र्यांवर. बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी बनवलेली औषधं त्यांनी वापरून पाहिली. बहुतेक कुत्री मेली. काही महिनोन्‌महिने जगली. त्यांतल्या लॉलिपॉप नावाच्या कुत्र्याचं नाव आजही या इतिहासात घेतलं जातं. त्यातून माणसाला मूत्रपिंड बदल शक्य झाला, आणि तेच औषध आज कुत्र्याला त्याच्या स्वतःच्या आजारासाठी मिळतं. हिशेब चुकता झाला असं मी म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट रक्ताची. दुसऱ्या रात्री चिंगीचं हिमोग्लोबिन ३.२ वर आलं आणि रक्त चढवायचं ठरलं. शेजारच्या सोसायटीतला एक दांडगा लॅब्रेडॉर दाता झाला. रक्त चढवण्याचा इतिहास मुळात कुत्र्यापासूनच सुरू होतो. १६६५ मध्ये ऑक्सफर्डला रिचर्ड लोअर यांनी रक्त वाहून मरणाच्या दारात गेलेल्या कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त देऊन उभं केलं होतं. कुत्र्यांमध्ये महत्त्वाच्या रक्तगटाविरुद्ध जन्मतः प्रतिपिंडं सहसा नसतात, त्यामुळे पहिल्या वेळी रक्त बहुधा मानवतं. दुसऱ्या वेळेपासून मात्र जुळवणी करावीच लागते. एक लक्षात घ्या, बाहेरून दिलेल्या पेशींवरही तोच हल्ला होऊ शकतो. रक्त हा उपचार नाही, गोळ्यांचा असर होईपर्यंत मिळवलेली सवड आहे.

मग दोषी कोण?

मुलाच्या प्रश्नाकडे वळते. काही कुत्र्यांमध्ये बाहेरचा दोषी खरोखर सापडतो, आणि आपल्या देशात तो शोधायलाच हवा. १९१० मध्ये पॅटन नावाच्या संशोधकाला मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात एक सूक्ष्म परजीवी सापडला, पुढे कोल्ह्यांमध्येही. आज त्याला बबेसिया गिब्सोनाय म्हणतात. तो लाल पेशींत शिरतो, आणि त्याच्यामुळे शरीर स्वतःच्या लाल पेशींवरही उलटू शकतं, याचा पुरावा बराच भक्कम आहे. गोचिडीतून पसरणारा दुसरा जंतू प्लेटलेट्स खाली आणतो. त्याचं नाव एर्लिखिया. हो, पुन्हा तेच एर्लिख, त्यांच्या सन्मानार्थ ठेवलेलं नाव. शरीर स्वतःवर उलटत नाही अशी समजूत ज्यांच्या वाक्यावरून रुजली, त्यांच्याच नावाचा जंतू आपल्या अंगणात हा गोंधळ घालतो.

म्हणून रक्तक्षयाच्या कुत्र्याची गोचिडीच्या आजारांसाठी तपासणी आधी होते. तो सापडला तर उपचारच बदलतो. घरगुती पातळीवर आणखी एक गोष्ट : कांदा आणि लसूण कुत्र्याच्या लाल पेशींना थेट इजा करतात. यात प्रतिपिंडांचा संबंध नसतो, पण चित्र सारखंच दिसू शकतं. आमटी-पोळीच्या कुस्करावर वाढलेल्या कुत्र्याबद्दल पशुवैद्य हे विचारतील तेव्हा खरं सांगा.

लसीचं काय? १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात लसीनंतरच्या महिन्यात आजाराचे रुग्ण जास्त दिसले होते. नंतरच्या अभ्यासांत तसा संबंध दिसला नाही. आजार होऊन गेलेल्या कुत्र्याला पुढची लस कधी द्यायची हे पशुवैद्यांना ठरवू द्या. आपल्याकडे रेबीज आहे, तेव्हा घरच्या घरी 'आता लस नकोच' असा निर्णय घेऊ नका.

चिंगीच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. गोचीड नाही, परजीवी नाही, गाठ नाही, नवं औषध नाही. अशा वेळी आजाराला 'प्राथमिक' म्हणतात. मी मुलाला सांगितलं, "आपलं काही चुकलं नाही." त्याला ते पटायला वेळ लागला. फ्रँकफर्टपासून केंब्रिजपर्यंत इतक्या हुशार माणसांना चाळीस-पंचेचाळीस वर्षं लागली, तर त्याला आठवडाभर लागला यात काय मोठं.

घरात हा आजार असताना

पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. या आजारात कुत्री रक्त कमी होऊन जातात असं आपल्याला वाटतं, पण मोठा घातक प्रकार वेगळाच आहे : रक्तवाहिनीत, विशेषतः फुप्फुसात, गुठळी अडकणं. एकीकडे लाल पेशी फुटत असतात आणि दुसरीकडे रक्त अवाजवी गोठत असतं. म्हणूनच रक्त गोठू नये यासाठीही औषध दिलं जातं. हिमोग्लोबिन वर येत असतानाही कुत्रं एकाएकी धापा टाकू लागलं तर सकाळची वाट पाहू नका. तुमच्यापैकी ज्यांचं कुत्रं असंच, सुधारतंय सुधारतंय म्हणता गेलं, त्यांना सांगते : तुम्ही उशीर केला म्हणून ते गेलं असं समजू नका. उत्तम इस्पितळातही यातली पुष्कळ कुत्री वाचत नाहीत.

वाचलेल्यांच्या घरी पुढचे महिने स्टेरॉइडचे असतात. चिंगी दिवसाला तीन भांडी पाणी प्यायची आणि रात्री दोनदा दार वाजवायची. भूक राक्षसी. पोट सुटलं, मागचे पाय बारीक झाले. जिने चढेना, म्हणून आम्ही तिचं अंथरूण खालच्या खोलीत आणलं. शेजारी म्हणाले, कुत्रीला मारताय की जगवताय? हे सगळं औषधाचं आहे, डोस उतरला की बहुतेक निवळतं. पण त्या वैतागात गोळी एकदम बंद करू नका. इतके दिवस बाहेरून मिळाल्यामुळे शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. अचानक बंद केल्यास कुत्रं कोसळू शकतं, आणि आजारही उलटतो. डोस पायरी-पायरीने उतरतो, प्रत्येक पायरीवर रक्त तपासून. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नका, स्टेरॉइडबरोबर ती पोटात रक्तस्राव करते. ॲझाथायोप्रिनच्या गोळ्या अर्ध्या करायच्या असतील तर हातमोजे घाला, आणि घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करा.

खर्चाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पहिल्याच दिवशी पशुवैद्यांना विचारा : अंदाजे किती, किती दिवस, आणि पुढे रक्त लागलं तर किती. यात लाज नाही. सगळं करणं परवडत नसेल तर कशावर भर द्यायचा हेही ते सांगू शकतात. आणि कुत्र्याचे हाल थांबत नसतील, तर निरोप देण्याची गोष्ट काढायलाही तुम्हाला मोकळीक आहे.

चिंगीचं हिमोग्लोबिन पाचव्या दिवशी थांबलं, नवव्या दिवशी वर यायला लागलं. आता आठ महिने झाले. ॲझाथायोप्रिन बंद झालं आहे, स्टेरॉइड दिवसाआड पाव गोळीवर आलं आहे. आजार उलटू शकतो, हे आम्हाला माहीत आहे. मुलगा रोज सकाळी शाळेला जाताना बुटाची नाडी बांधता बांधता अंगठ्याने तिचा ओठ वर करतो, हिरड्या बघतो आणि स्वयंपाकघराकडे ओरडून रंग सांगतो. पुढची रक्ततपासणी मंगळवारी आहे.